राजपुत्र माघारी का गेला

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आईने मला बजावलं आहे. सांगणं मला तसंही जमत नाही. (पोस्टमनने नाव विचारलं तरी मी आत जाऊन आईला पाठवते.) पण लिहायचं नाही, असं काही ती म्हणालेली नाही.

त्या रविवारी शालनआत्याला बघायला बदलापूरहून पाहुणे येणार होते. आत्याने याआधी दोन स्थळं नाकारली होती. या मुलाचा फोटो मात्र तिने तीनदा पाहिला, तोही कुणी बघत नाही असं समजून. आईने मला सांगितलं, "वेणू, टीव्ही बंद कर." मी फक्त आवाज बंद केला. माझा व्हिडिओ गेम वरच्या मजल्यावर पोचला होता ना!

ही कॅसेट बाबांनी उल्हासनगरहून आणलेली. त्यातला राजपुत्र म्हाताऱ्या आईकडून तलवार घेऊन निघतो, किल्ला चढतो, राजकन्येच्या साखळ्या तोडतो आणि लग्न करतो. पण शेवटी डाव्या दाराने आत गेलं तर वेगळंच होतं. तो राजकन्येकडे बघतो, तलवार खाली ठेवतो आणि मुकाट्याने निघून जातो. का, ते जपानीत लिहिलं आहे. बाबांनी दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, एक के दाम में दो एंडिंग दिया, और क्या चाहिए?"

पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. मग बाबा मुलाच्या आईला, भिमाबाईंना, क्वार्टरमागचं आपलं पपईचं झाड दाखवायला घेऊन गेले. (ते सगळ्यांनाच दाखवतात.) खोलीत उरले मी आणि मुलगा, आनंदा. एमआयडीसीत सुपरवायझर. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, गेमचा रिमोट उचलला आणि थेट डाव्या दारात शिरले.

"तुम्हाला हे दार माहीत आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं. परक्या माणसाशी आपण होऊन बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

"पुतण्याकडे हाच गेम आहे. पण मी इथून माघारी का जातो, ते काही कळत नाही."

(गेम खेळणारा माणूस पडद्यावरच्या माणसाला 'मी'च म्हणतो. 'मी मेलो', 'मी पडलो'. आमच्या वर्गात सगळे तसंच बोलतात.)

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्हाला लग्न करायचंच नाहीये."

"बरोबर! पहिल्या गावात विहिरीवर ती पाणी पाजते ना, माझा जीव तिच्यात अडकलाय."

"मग इथवर आलात कशाला?"

"आईने धाडलं म्हणून! तिच्यापुढे तोंड उघडायची हिंमत नाही माझ्यात."

स्वयंपाकघराच्या पडद्याआड पोह्यांच्या बशा खणखणल्या. मग आत्याचा आवाज आला, "वहिनी, ऐकलंत? आपली वेणू कधी बोलत नाही, आज तिनेसुद्धा विचारलं!"

आत्या बाहेर आली. बशी तिने आनंदांसमोर आपटलीच.

"जिने पाणी पाजलं तिच्याकडेच जा ना. आमच्याकडे पोहे कशाला खाता?"

आनंदांची नजर टीव्हीवर. ते खुशीत म्हणाले, "बघ वेणू, ह्यांनाही पटलं!"

आत्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागच्या दाराने बाबा आणि भिमाबाई आले. आत्याने एका दमात सगळं सांगितलं.

"विहिरीवरची?" भिमाबाई कडाडल्या. "आनंदा, मेल्या, आपल्याकडे नळ आहे! तू विहिरीवर गेलास कधी?"

आता खरं सांगू शकणारी एकटी मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि माझा आवाज जो गेला तो गेलाच. मी नुसतं टीव्हीकडे बोट दाखवलं. तिथे राजपुत्र तलवार ठेवून बाहेर निघाला होता.

बाबांनी क्षणभर पाहिलं. बाबा ऑर्डनन्समध्ये, म्हणजे हत्यारांच्या कारखान्यात आहेत.

"ह्यात काय कळायचंय? हत्यार जमा केलं, गेटबाहेर पडला. ड्यूटी संपली त्याची. राजकन्येला सेकंड शिफ्टवाला सोडवेल."

पहिल्यांदा आत्याच हसली. मग तिने पदराने डोळे टिपत विचारलं, "म्हणजे विहिरीवर कुणी नाही?"

"अहो, विहीरच नाही," आनंदा घाम पुसत म्हणाले.

"मग पोहे घ्या. गार होतील."

लग्न ठरलं. आईने टीव्हीचं बटण दाबलं आणि साखरपुडा होईपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, असं फर्मान काढलं. (लाजाळू मुलीला गप्प बसायची ताकीद! अख्ख्या अंबरनाथमध्ये मी पहिलीच असेन.)

काल आनंदा पुन्हा आले. आम्ही डाव्या दाराने गेलो. राजपुत्र निघून गेला. मला भरून आलं आणि मी नेहमीसारखा टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"अगं, थांब की जरा," ते म्हणाले. "बंद काय करतेस? पुतण्याने कालच दाखवलं, इथे बटण दाबायचं असतं."

त्यांनी बटण दाबलं. राजपुत्र परत आला. हातात किल्ली होती. साखळ्यांची. तो किल्ली आणायला गेला होता!

वर्षभर मी त्या माणसासाठी रडत होते. तरीपण मला अजूनही वाटतं, की किल्ली आणायला जाताना त्याच्या मनात कुठेतरी ती विहिरीवरची

"वेणूऽऽ! पाहुणे आलेत. बाहेर ये, आणि काही बोलू नकोस!"