बाबालाल मिस्त्रींची रेघ

बाबालाल मिस्त्री ट्रॅक्टरला अहोजाहो करायचे. सरसकट नाही, स्वतःपेक्षा वयानं मोठ्या असलेल्यालाच. ट्रॅक्टरचं एक वर्ष म्हणजे माणसाची दोन, असं त्यांचं मत. माझ्या वडिलांनी घेतलेला आमचा ट्रॅक्टर तेव्हा एकतीस वर्षांचा, म्हणजे बासष्टचा होता आणि मिस्त्री अठ्ठावन्नचे. त्यामुळे पहिल्याच भेटीत तो त्यांचा मामा झाला. "आवं मामा, खोकताय कशापायी? बिडी सोडा आता," असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. कुणी कोरा ट्रॅक्टर घेऊन आला तर मात्र, "काय रं, दुधाचं दात तरी पडलं का तुझं?"

आमच्या गावापासून दोन कोसांवर, विट्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. त्या शेडबद्दल आमच्या भागात गेली दहा वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. बाबालालनं पंप चुकीचा बसवला आणि सुबेदाराच्या पोराचा पाय मोडला. तो सुबेदार मी. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता मी ऐंशीला टेकलो. जे लिहायचं ते हात चालतोय तोवर लिहितो.

मिस्त्री अंगानं आडवे, दाढी पांढरी, बोटं वांग्याएवढी. काम आलं की ते पान्याला हात लावायचे नाहीत. "आधी ऐकू या," म्हणायचे. मग लाकडी मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी आसपास कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा आमचे सरपंच शेडमध्ये फोनवर मोठ्यानं बोलत होते, तर मिस्त्रींनी डोळे न उघडता सांगितलं, "साहेब, तुमचं मागनं ऐकतो. आधी ह्याचा नंबर लागलाय." सरपंच बाहेर जाऊन चिंचेखाली उभे राहिले.

सोडवलेले नट-बोल्ट ते जेवणाच्या ताटात, निघाले त्या क्रमानं मांडायचे. ज्या भोकातला बोल्ट त्याच भोकात गेला पाहिजे. "परक्या घरी नांदत न्हाई तो," म्हणायचे. आणि गिऱ्हाईक घड्याळ बघू लागलं की विचारायचे, "घाई कुणाला हाय? तुमाला, का ह्यास्नी?"

पण लोक हसायचे ते त्यांच्या खिशावर. खाकी शर्टाच्या खिशात, फट मोजायचं गेज आणि पेन्सिल यांच्या शेजारी, नेलपॉलिशची एक बाटली असायची. अंगठ्याएवढी, तांबड्या रंगाची. त्यांच्या बायकोची, जैबूनभाभींची. जो नट नंतर कुणी हलवू नये असं त्यांना वाटे, त्याच्यावर ते एक बारीक रेघ ओढायचे, नटावरून खालच्या लोखंडावर जाणारी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. तुटलेली रेघ दिसली की पुढचं काम ते घेत नसत. गावातली तरणी पोरं विचारायची, "मिस्त्री, आज हाताला लावली न्हाई व्हय?" ते शांतपणे म्हणायचे, "हातावर नखं राहिलीत कुठं, गड्या?"

भाभी वारल्या होत्या. किती वर्षं झाली हे मला आठवत नव्हतं. एवढीशी बाटली इतकी वर्षं कशी पुरते, हेही माझ्या मनात कधी आलं नाही.

आमचं काम असं होतं. माझ्या मुलानं, संपतनं, शिरवळकडून एक जुनी डंपिंग ट्रॉली आणली. मागून उचलून मुरूम ओतणारी. मामांचं स्वतःचं हायड्रॉलिक नांगर उचलण्यापुरतं. त्यावर ट्रॉली उचलायला निम्मा दिवस जायचा. म्हणून पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या खालून, इंजिनाच्या क्रँक पुलीवर थेट चालणारा वेगळा पंप बसवायचा होता. असं काम त्या भागात मिस्त्रीच करायचे. म्हसवडपासून लोक त्यांच्याकडे ट्रॅक्टर आणायचे.

अकरा दिवस लागले. पंपाला जागा करायला पुढच्या जाळीची एक पट्टी कापावी लागली, तेव्हा मिस्त्रींनी आधी मामांच्या नाकावर हात ठेवला. "एक दात काढतोय. दुखणार न्हाई." पुली आणि पंप यांना जोडणारी कपलिंग त्यांनी तीनदा बसवली, तीनदा सोडवली. दोन तोंडांमध्ये नख जाईल एवढी फट हवी होती. मी म्हणालो, "अजून घट्ट बसतंय की." ते म्हणाले, "सुबेदार, जोडप्यात नखाएवढी जागा ठेवावी. न्हाई तर दोघंबी तापत्यात." शेवटी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला बॉनेटवर ठेवून इंजिन चालू केलं. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. तेव्हा कुठे ते चहा प्यायले.

मग त्यांनी मला आणि संपतला एक व्हॉल्व्ह दाखवला. ट्रॉलीत ओझं जास्त झालं की हा व्हॉल्व्ह तेल परत टाकीत वळवतो. तेव्हा शिट्टीसारखा आवाज येतो आणि ट्रॉली उचलत नाही. त्याच्यावर एक स्क्रू, स्क्रूला नट. "शिट्टी वाजली की मामा न्हाई म्हणत्यात असं समजायचं. चार पाट्या उतरवायच्या. ह्यो स्क्रू पिळायचा न्हाई, पिळला तर सगळा दाब पाइपावर येतो." असं म्हणून त्यांनी बाटली काढली, जीभ दातात धरली आणि नटावर रेघ ओढली.

पाणंदीच्या रस्त्याला मुरूम टाकायचं काम होतं. दोन दिवस चांगलं चाललं. तिसऱ्या दिवशी मुरूम ओला होता, जड होता, आणि शिट्टी वाजायला लागली. संपत म्हणाला, "आबा, जरा उतरवू या." तो खोरं आणायला गेला. बांधावर आठ-दहा माणसं बघत उभी होती. मी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेली, त्यातली बरीच गाड्यांच्या वर्कशॉपात. एक पत्र्याच्या शेडातला मिस्त्री मला स्क्रूला हात लावू नका सांगतो, हे मला पहिल्यापासून खुपत होतं. मी पाना घेतला. नट ढिला केला, स्क्रू दोन आटे पिळला. शिट्टी थांबली. ट्रॉली डौलात वर गेली. संपत खोरं घेऊन आला तेव्हा मुरूम ओतून झाला होता. "कशी उचलली?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "रेस द्यावी लागते." आपल्याच पोराशी खोटं बोललो, तेही काही कारण नसताना.

पुढचे तीन दिवस ट्रॉली वाटेल तेवढं ओझं उचलत होती. चौथ्या दिवशी ती वर असतानाच तेलाचा पाइप फुटला. संपत मागचा फाळका सोडवायला वाकला होता. ट्रॉली एकदम खाली आली. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. त्याला मिरजेला नेलं, पायात सळई घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गावी परतलो. सून, वैशाली, मिरजेतच थांबली होती. गावकऱ्यांनी मिस्त्रींना दुपारी बोलावलं होतं. मी ट्रॅक्टरपाशी गेलो. स्क्रू दोन आटे मागं घेतला, नट आवळला. तुटलेली रेघ ब्लेडनं खरवडून काढली. वैशालीच्या आरशापुढून नेलपॉलिशची बाटली आणली आणि नवी रेघ ओढली. नीट ओढली. सरळ.

मिस्त्री आले. वीस-पंचवीस माणसं जमली होती. ते आज मामांशी काही बोलले नाहीत. फुटलेला पाइप बघितला, मग व्हॉल्व्हपुढे उकिडवे बसले. बराच वेळ बसले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे एकदा पाहिलं. आता हा माणूस बोलेल आणि मी उघडा पडेन, एवढंच मला कळत होतं.

ते उठले, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाइप मी बसवला व्हता. चूक माझी."

कुणीतरी शिवी घातली. कुणीतरी त्यांची कॉलर धरायला पुढं झाला, त्याला मी आवरलं. लोकांनी ते माझं मोठेपण समजलं.

त्यानंतर पुढच्या पंपाचं काम त्यांच्याकडे कुणी दिलं नाही. हळूहळू इंजिनाचंही दिलं नाही. मिस्त्री पिठाच्या चक्क्या बघायचे, ऊसतोडीच्या वेळी कोयत्यांना धार लावायचे. कोयत्यालाही म्हणे ते "काय रं" म्हणत. संपत मिरजेत होता तेव्हा ते दर गुरुवारी एसटीनं जायचे आणि त्याच्या खाटेशी बसून मोसंबी सोलायचे. ते आले की मी औषध आणायच्या निमित्तानं खाली जायचो.

आमचा ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला, पण ती ट्रॉली संपतनं विकली आणि पंपाची कपलिंग सोडवून ठेवली. पंप जागेवरच राहिला, मामांच्या काढलेल्या दाताच्या जागी. मी रोज तो बघत होतो.

गेल्या महिन्यात मी रिक्षा करून विट्याच्या रस्त्याला गेलो. मिस्त्री शेडमध्ये खाटेवर बसले होते. डोळ्यांना फारसं दिसत नाही आता, हातही कापतात. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्क्रू, दोन आटे, ब्लेड, सुनेची बाटली.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "संपतला सांगितलंसा?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगताय? मला तर म्हायती हाय."

मी खाली बसलो. ते म्हणाले, "आवं, आमची बाटली जैबून गेली तवा अर्धी व्हती. दर साली थिनरचा थेंब घालून मी ती पुरवली. रंग पार फिका पडला व्हता. तुमची रेघ गुलाबी, वर चकाकती. लांबनं वळखली मी."

"मग बोलला का न्हाई?"

ते म्हणाले, "पोरगं खाटंवर पडल्यालं. पायात सळई. त्याला काय सांगायचं, तुझ्या बापानं केलं? पाय जुळतोय, सुबेदार. ते जुळलं नसतं." मग खाटेची कड चाचपत म्हणाले, "आमाला पोरबाळ न्हाई. माझ्यावर रागावला तर माझं काय जाणार व्हतं?"

काय गेलं ते त्या शेडमध्ये दिसत होतं. चक्कीचा एक दगड, कोयत्यांची एक मोळी आणि भिंतीला टांगलेलं रिकामं ताट.

घरी आलो. संपत पडवीत पाय लांब करून बसला होता. थंडी पडली की त्याचा तो पाय ठणकतो. मी त्याच्या समोर बसलो आणि सांगितलं. वैशाली दारात उभी होती, तिनंही ऐकलं. संपत आता चाळिशीचा आहे. तो बराच वेळ नडगीवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं उठून जाईल. त्यानं एकच विचारलं, "मिस्त्रीकाकांना म्हायती व्हतं?"

"व्हय."

"मिरजेत मी त्यांना लय बोललो व्हतो, आबा. नको नको ते बोललो. ते मोसंबी सोलत व्हते."

त्या दिवशी तो माझ्याशी आणखी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. संपत वर बसला होता. "चला," म्हणाला, "बसा."

दोन कोस मी मडगार्डवर बसून गेलो. शेडपुढे ट्रॅक्टर थांबायच्या आतच मिस्त्री खाटेवरून उठले होते. "आवं मामा," ते म्हणाले, "लय दिसांनी वाट सापडली." संपत खाली उतरून त्यांच्या पाया पडला. "पंप पुन्हा जोडायचाय, काका," म्हणाला. त्यांनी त्याला उठवलं आणि त्याच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली, हात फिरवला. जोड बघावा तसा.

मग म्हणाले, "आधी ऐकू या." स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरली. संपतनं त्यांच्या सांगण्यावरून कपलिंग जोडली, नवा पाइप चढवला. निघालेले नट ताटात मांडले. व्हॉल्व्हचा स्क्रू मिस्त्रींनी आवाज ऐकतच लावला, नट आवळला आणि खिशातून बाटली काढली. झाकण निघेना. संपतनं पकडीनं फिरवून काढलं. मिस्त्रींनी थिनर घातलं, बाटली कानाशी हलवली, कुंचला ओढून बघितला. आत तांबडा खडा झाला होता.

"वाळली," ते म्हणाले. "दहा वर्सं उघडलीच न्हाई. रेघ मारायजोगं काम कुठं व्हतं?"

हे त्यांनी तक्रारीनं म्हटलं नाही. मला मात्र मान वर करता येईना. संपतनं शर्टाच्या खिशातून वैशालीनं दिलेली बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. "गुलाबी," म्हणाले, आणि ती माझ्यापुढे धरली. "माझं हात कापत्यात. तुमीच मारा, सुबेदार. तुमाला येतंय की."

संपत हसला. दहा वर्षांत मिस्त्रींसमोर तो पहिल्यांदा हसला असेल.

मी उकिडवा बसलो. या खेपेला रेघ वाकडी आली. मी उठायला लागलो तर मिस्त्रींनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. जैबूनभाभींची बाटली त्यांनी खिशात ठेवून गुंडी लावली होती.

"वाळू द्या," ते म्हणाले. "घाई कुणाला हाय?"

मग आम्ही तिघं तिथंच, मामांच्या पुढ्यात, ती रेघ वाळेपर्यंत बसून राहिलो.