परवान्याचे कप्तान

डोक्यावर तिकोनी टोपी, पितळी बटणांचा निळा कोट आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, अशा वेशात अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसर गावच्या इंडियन ग्रोसरीत कुणी भेंडी मोडून बघताना दिसलं, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी दांडेकरकाका.

काका मूळचे नागपूरचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोही विमानाच्या खिडकीतून. पण रिटायर झाल्यापासून दर शनिवारी किनाऱ्यावरच्या एका म्युझियममध्ये, धक्क्याला बांधून ठेवलेल्या जहाजावर ते कप्तान होतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सरकारी परवाना घेऊन ब्रिटिशांची जहाजं लुटणारे खासगी कप्तान असत, त्यांतले एक. आमच्यापैकी कुणी चुकून ‘चाचा’, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, म्हटलं की खिशातून कागद निघालाच. "चाचा नाही जी! परवाना आहे! व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप... कागदाशिवाय मी या देशात शिंकलोसुद्धा नाही!"

पण खरा ताप हजेरीचा. आसपासचे एकटे राहणारे आम्ही अकरा म्हातारे म्हणजे काकांचे खलाशी. रोज सकाळी साडेसातला फोन. "हजर?" "हजर, कप्तान!" म्हटल्याशिवाय सुटका नाही. आजारपण, पाहुणे, काही काही चालत नाही.

गेल्या जानेवारीत मी वैतागून फोन उचललाच नाही. म्हटलं, बघू काय करतात. पाच मिनिटांत दार धडधडलं. बाहेर बर्फात काका. डोक्यावर टोपी, अंगात पायजमा, एका पायात बूट, दुसऱ्यात सपात.

"ताई, आहात ना?"

मी चहाचा कप हातात घेऊन ठणठणीत उभी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना आत घेतलं, आल्याचा चहा दिला.

"भाऊ नागपूरला एकटाच राहायचा," काका म्हणाले. "बाथरूममध्ये पडला. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. मी रविवारी फोन करायचो ना. तो पडला बुधवारी."

मी विचारलं, "मग तुमची हजेरी कोण घेतं?"

"कप्तानाची हजेरी नसते जी."

दुसऱ्या दिवशी सात पंचविसाला मीच फोन लावला.

"कप्तान, हजर?"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "हजर."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात घसा खाकरून काका गरजले, "पण ताई, तुमच्याकडे परवाना आहे का?"