ऐंशीच्या खाली रफीकभाई

भर मे महिन्यात, पत्र्याच्या दुकानात, एकुलता एक कूलर गिऱ्हाइकांऐवजी कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीकडे वळवणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

जाफराबादेत आम्ही त्यांना रफीकभाई म्हणतो. "आम्हाला बी थोडं वारं येऊ द्या की," असं कुणी म्हटलं, की ते शांतपणे सांगतात, "तुम्हाला घाम येतो. त्याला येत न्हाई."

टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. तिथल्या कामाला गोगलगायसुद्धा पुरेल. पण रफीकभाईंनी जुन्या प्रोसेसरचा वेग कंपनीनं ठरवल्याच्या वर चढवलाय. रोज दुपारी ते त्याच्यावर पूर्ण भार टाकणारी चाचणी लावतात. पंखे बोंबलायला लागतात आणि हे पडद्यावरचं तापमान बघत बसतात. "ऐंशी अंशाच्या खाली, मंग दुनिया आपली!" पंच्याऐंशीला कपाळावर आठी. नव्वदला चाचणी बंद. "त्याच्या वर बिलकुल न्हाई. चिप जल्दी म्हातारी होती." पंख्यांच्या जाळीत अडकलेला कापूस ते दाढीच्या ब्रशनं काढतात. भांडणाऱ्या गिऱ्हाइकालाही म्हणतात, "गुर्जी, पंच्याण्णव झाले. बसा."

मी भारनियमनाविरुद्धचं पत्रक टाइप करून घ्यायला गेल्तो. चाचणी चालूच होती.

"शेताला वीज नाही, आणि तुम्ही ती रिकामी जाळताय?" मी तावातावानं विचारलं. "कुणासाठी?"

"भाऊ, तू बी नव्वदला गेला," म्हणत त्यांनी चाचणी थांबवली. पडद्यावरही नव्वदच होते.

पंखे मंदावले. मागच्या कापडी पडद्याआड बाज करकरली आणि त्यांचे अब्बा, हमीदमियाँ, अनवाणी बाहेर आले. "मशीन बंद पडी क्या? मैं देखताऊँ," म्हणत ते थेट रस्त्याकडे निघाले. त्यांचा सगळा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या घरघरीत गेला. जिनिंग बंद पडलं, नंतर त्यांना काही आठवेनासं झालं. मागे असेच जिनिंग शोधत ते भरधाव जीपसमोर गेल्ते.

रफीकभाईंनी झेप घेऊन त्यांचा हात धरला, दुसऱ्या हातानं प्रोसेसरचा वेग जरा उतरवला आणि चाचणी पुन्हा लावली. पंखे घरघरले. अब्बा थबकले. कान देऊन ऐकलं. मग बाकावर निवांत बसले.

"मुकादम, आज कितनी गाठाँ निकली?"

"बहोत निकली, हमीदमियाँ. आराम करो."

मी हळूच विचारलं, "तुम्हाला नावानं हाक नाही मारत?"

"न्हाई. पण मुकादमाचं ऐकतात." रफीकभाई पडद्यावरून नजर न हटवता म्हणाले, "बापाला कडी लावून कोंडू का मंग? थंडीत बराबर चालतं. उन्हाळ्यात मात्र लगेच नव्वद होतं, बंद करावं लागतं, अन् अब्बा उठतात. नवे पंखे तर आवाजच करत न्हाईत."

म्हणून एक मागणं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, फार आवाज करतो म्हणून तुम्ही काढून टाकला असेल, तर भंगारात देऊ नका. जाफराबादेत रफीकभाईंना आणून द्या. धूळ पुसा हवं तर, पण तेल घालू नका.