अंगदरावांची ताकबंदी

अंगदरावांनी खरवसाची वाटी दोन बोटं पुढं सरकवली, एवढंच. पण वाटी सासरची होती, खरवस सासऱ्यांच्या लाडक्या म्हशीचा होता आणि दिवाळीची पंगत भरात होती.

"का हो पावणं?" सासरे अर्जुनराव म्हणाले. औशाजवळच्या त्या गावात पाच म्हशी बाळगणारे ते एकटेच. त्यांच्या घरात पाण्यापेक्षा ताक जास्त पिलं जायचं.

"मामा, मला दूध पचत न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय. वरून मी डाएट बी करून राहिलो."

"दूध पचत न्हाई?" अर्जुनरावांनी गोठ्याकडं पाहिलं. "आठ दिवसाच्या रेडकाला पचतंय की!"

पंगत पोट धरून हसली. अंगदराव मात्र हसले नाहीत. चौदा वर्षं झाली होती लग्नाला. हदगावचा हा जावई, नांदेडात पाटबंधारे खात्यात कारकून, आणि चौदा वर्षं तो सासुरवाडीत मुकाट्यानं दूध, दही, बासुंदी गिळत आला होता. नंतरचे दोन दिवस तो कुठं असायचा हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, कारण तांब्या घेऊन आळीतूनच जावं लागे. (आता संडास झाला आहे. जावयासाठीच बांधला, असं मेहुणा भागवत येईल त्याला सांगतो.)

त्या दिवशी मात्र अंगदरावांचं डोकं फिरलं. "रेडकाला पचू द्या, मला न्हाई पचत. आजपासून या घरात मी दुधाचा थेंब घेणार न्हाई!"

भागवत उठला आणि सोयाबीनचे कट्टे मोजायचा काटाच घेऊन आला. "चढा दाजी. बघू तर तुमचं डाएट."

चौऱ्याण्णव किलो भरले.

"येळवशीपर्यंत पाच किलो उतरवा," भागवत म्हणाला. "उतरलं, तर या घरात तुम्हाला दुधा-ताकाचा आग्रह कायमचा बंद. न्हाई उतरलं, तर अंबिलाचे पाच गिलास. उभ्यानं. गावासमोर!"

अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि आंबट ताक. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळा लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातो आणि हे अंबील हंड्यानं पितो. पाच गिलास म्हणजे अंगदरावांचा अख्खा आठवडा गेला. पण शब्द तोंडातून सुटून गेला होता.

"मंजूर!"

बायको अंबिकानं कपाळाला हात लावला.

नांदेडला परतल्यावर अंगदरावांनी विशाखा मॅडमचा डाएटचा क्लास लावला. मॅडमनी छापील तक्ता हातात दिला. सकाळी ताक, दुपारी वाटीभर दही, चारला पनीर, झोपताना बिनसायीचं हळदीचं दूध.

"मॅडम, मला यातलं काहीच चालत न्हाई."

"मग तुम्ही खाणार काय?"

"तेच विचारायला आलो होतो!"

घरी येऊन त्यांनी ऑफिसातल्या लाल पेननं तक्त्यावर काट मारायला सुरुवात केली. शेवटी उरलं ते कोमट पाणी, सात बदाम आणि काकडी. गडी इरेला पेटलेला. दोन महिने काकडी आणि अर्धी भाकरी. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाला पेढा आला की अंगदराव खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभे राहायचे. डबा भरताना अंबिका हळूच विचारायची, "अहो, पाच गिलासांसाठी एवढं?"

"गिलासांचा प्रश्न न्हाई. चौदा वर्षांचा प्रश्न आहे," ते म्हणायचे आणि काकडी कचकन चावायचे.

येळवशीच्या पहाटे घरच्या काट्यावर एकोणनव्वद किलो चारशे भरले. चारशे ग्रॅम जास्त! अंगदरावांनी चष्मा काढला, अंगठी काढली, काटा सरकवून भिंतीला लावला. काटा ऐकेना. शेवटी त्यांनी मिशी भादरली. (मिशीला वजन नसतं हे त्यांना नंतर कळलं. सासुरवाडीत कुणी पहिल्या झटक्यात ओळखलं नाही ते वेगळंच.)

शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी होती, आत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांची, म्हणजे पांडवांची, पूजा झालेली. अंगदरावांनी गेल्या गेल्या छाती काढून विचारलं, "काटा कुठाय?"

"आधी निवद, मंग पंगत, मंग काटा," भागवत गालातल्या गालात हसला. "उपाशी माणसाला कोण मोजतंय?"

इथं खरी मेख होती. पण अंगदरावही काही कच्चे नव्हते. पत्रावळ पुढं आली. अंबिलाचा तांब्या आला, त्यांनी गिलास पालथा घातला. खीर आली, पत्रावळीवर हात आडवा धरला. मग भज्जी आली. येळवशीची भज्जी म्हणजे ताज्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, मेथी, गाजर, रानात मिळेल ते सगळं. सगळा भाजीपालाच! विशाखा मॅडमनी पाहिलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या.

तरी गड्यानं सावधपणे सासूबाईंना विचारलं, "मामी, हिच्यात दूध न्हाई ना?"

"अगं बाई, भज्जीत दूध कोण घालतंय?" पंचफुलाबाई म्हणाल्या. जावई इतक्या वर्षांत काहीतरी आपणहून विचारून खातोय याचं त्यांना भरून आलं. त्यांनी एक द्रोण वाढला. मग दुसरा. दोन महिन्यांच्या काकडीनंतर अंगदरावांच्या जिभेवर तिखट-आंबट काही पडलं होतं. चौथ्या द्रोणाला भागवत बोटांवर हिशेब करत होता, चार द्रोणांचा एक किलो तरी.

हात धुतले आणि पोटात ओळखीचा गडगडाट झाला.

"अगं अंबिका," ते कुजबुजले, "मी तर अंबिलाला शिवलो बी न्हाई."

"भज्जी किती खाल्ली?"

"चार द्रोण. का?"

"बेसन ताकातच कालवतात की अहो भज्जीचं!"

"चौदा वर्षांत सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही दरसाल अंबिलालाच शिव्या द्यायचे. मला वाटलं, भज्जी चालते."

चौदा वर्षं एकट्या अंबिलावर आळ होता. साथीदार आज सापडला. पण बोलायला वेळ नव्हता. अंगदरावांनी पाण्याची बाटली उचलली आणि छातीएवढ्या ज्वारीत शिरले. आले, बसले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा तर पळतच गेले.

"पावणं रान बघून राहिलेत," अर्जुनराव कौतुकानं म्हणाले. "पहिल्यांदाच एवढा जीव लागला शेतात."

चौथ्या फेरीनंतर अंगदराव पांढरेफटक होऊन परत आले आणि काट्यावर चढले. भागवत वाकला, डोळे चोळले, पुन्हा वाकला.

अठ्ठ्याऐंशी किलो सातशे!

"जिंकलो!" अंगदराव ओरडले. आवाज खणखणीत होता. "ऐका सगळे! आजपासून या घरात मला दुधाचा, ताकाचा आग्रह बंद! कायमचा!"

"बंद," भागवतनं मान खाली घालून कबूल केलं. अर्जुनरावांनीसुद्धा गोठ्याची आठवण गिळून मान डोलावली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात अंगदरावांचा शब्द चालला होता, आणि त्यांना खरोखर गहिवरून आलं.

संध्याकाळी निघताना पंचफुलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "दूध न्हाई तर न्हाई, जावईबापू. पर तुम्हाला आमच्या घरचं आवडतं तरी काय, हे आज कळलं बघा." आणि त्यांनी भज्जीनं गच्च भरलेला पाच किलोचा स्टीलचा डबा अंगदरावांच्या हातात ठेवला.

अंगदरावांनी डब्याकडं पाहिलं. मग भागवतकडं. भज्जी पचत नाही हे खरं सांगावं, तर जिंकलं कसं तेही सांगावं लागणार होतं.

"भज्जी एरवी कुणी करत न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "पर तुमच्यासाठी दर अमावस्येला नांदेडच्या बसमधी डबा पाठवते. चाललं न्हवं?"

"पाठवा की, मामी," अंगदराव म्हणाले, आणि डबा अंबिकाच्या हातात देऊन तीच पाण्याची बाटली घेऊन पाचव्यांदा ज्वारीत शिरले.