स्टँड रोडवरची पांढरी रेघ

यशोधरा साळवे बाईंच्या सायकलवरून आजवर काहीही पडलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या न विचारताच सगळ्यांना सांगत. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी कॅरिअरवरून काय काय नेलं होतं! लेझमांचा गठ्ठा, काचेच्या पेटीतली शिल्ड, दळणाचा डबा, एकदा तर पाय मुरगळलेली खोखोची अख्खी कॅप्टन! निमटाकळीच्या कन्या विद्यालयात त्या पी.टी.च्या बाई. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि पदर कमरेला असा खोचलेला की वावटळ आली तरी त्याला हात लावायची हिंमत व्हायची नाही.

गोष्ट शहाण्णव सालची. निमटाकळी म्हणजे श्रीरामपूरच्या वाटेवरचं, स्वतःची नगरपालिका असलेलं गाव. नगरपालिका होती, पण रस्ता म्हणावा असा एकच, स्टँड रोड. त्यावरून एसटी जायची, टेम्पो जायचे, म्हशी जायच्या, आणि कारखान्याचा सीझन सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर लोंबणारा ऊस, आणि ड्रायव्हरच्या कानाशी टेप एवढा मोठा की मागून विमान उतरलं तरी त्याला ढोलकीच वाटावी! हा ऊस आणि कडेचं गटार, यांच्या बेचक्यातून वस्त्यावस्त्यांवरच्या साठ पोरी सायकलवर शाळेत यायच्या.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दुसऱ्याच दिवशी नववीतल्या दीपाचं दप्तर एका ट्रॉलीच्या उसात अडकलं. पोरगी सायकलसकट गटारात. मनगट मोडलं. ड्रायव्हरला पत्ताच नाही, तो गाणं ऐकत पुढं गेला.

तिसऱ्या दिवशी दीपाचे वडील कानिफनाथ शाळेत आले. बाईंसमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, हात जोडंल वो डाक्टर. पर उद्या त्या चाकाखाली डोकं आलं म्हंजी? आमी काय करायचं? पोरीची शाळा बास झाली. सायकल बी इकून टाकतो."

"अहो, तिला सत्तर टक्के आहेत!"

"टक्के घिऊन काय करू? पोरगी पायजे मला."

त्या आठवड्यात आणखी अकरा पोरींच्या सायकली घरी राहिल्या, आणि सायकल राहिली म्हणजे पोरगी राहिली, कारण वस्तीवर एसटी थांबत नव्हती.

बाई तडक दोन्ही पुढाऱ्यांकडं गेल्या. स्टँड रोडच्या एका टोकाला आप्पासाहेबांचं हॉटेल, दुसऱ्या टोकाला काकासाहेबांचं कापडाचं दुकान. दोघेही नगरसेवक, आणि दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. एक म्हणाला आज सोमवार, तर दुसरा घरी जाऊन कॅलेंडर फाडायचा! बाईंनी दोघांनाही सांगितलं, "कडेनं पाच फूट जागा सायकलींना सोडा. एक रेघ मारा फक्त." आप्पासाहेबांनी चहा पाजला. काकासाहेबांनी "बघू" म्हणून पिशवी दिली, दुकानाचं नाव छापलेली. रेघ कुणीच दिली नाही.

तेवढ्यात तालुक्याच्या क्रीडास्पर्धा आल्या, आणि मैदान आखायचं काम अर्थात बाईंकडं. त्यांनी फक्कीचं पोतं आणून घरी ठेवलं. ती पांढरी चुन्याची पूड, मैदानावर रेघा मारतात ना, ती. स्पर्धेच्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता पोतं कॅरिअरवर बांधलं, दोरीला दोन गाठी मारल्या आणि निघाल्या.

त्यांच्या सासूबाई, भामाबाई, दारातूनच म्हणाल्या, "अगं यशोदे, पोतं खालनं बगितलंस का? राती उंदीर खुडबुडत हुता."

"आत्याबाई, माझ्या सायकलवरून आजवर काही पडलंय का?" असं म्हणून बाईंनी पायडल मारलं.

बाई नेहमी गटारापासून बरोब्बर पाच फुटांवरून सायकल चालवायच्या. पोरींनाही तेच शिकवायच्या. आजही तशाच निघाल्या. वाटेत बँकेपुढं पेरूची टोपली मांडत असलेल्या लंकाबाईशी तिथंच एक गिरकी घेत दोन शब्द बोलल्या. पुढं रस्त्यात एक म्हैस बसली होती, तिला वळसा घातला. चौकात एक डुकरीण नऊ पिल्लं घेऊन आडवी आली. ती निघून जाईपर्यंत बाईंनी चौकाला दोन फेऱ्या मारल्या, कारण भरल्या पोत्यानिशी पाय टेकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. चढावर सायकल चक्क हलकी वाटायला लागली. बाई मनात म्हणाल्या, रोज पहाटेच्या व्यायामाचा परिणाम!

शाळेत उतरून बघतात तर पोत्यात उरली होती चार ओंजळी फक्की.

बाईंनी आधी पोत्याकडं पाहिलं, मग सायकलकडं, मग मागं रस्त्याकडं. फाटकातून एक पांढरीशुभ्र रेघ सरळ निघाली होती ती थेट नजर पोचेपर्यंत! "अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पण सात वाजता पाहुणे यायचे होते. होती तेवढ्या फक्कीत मैदान आखलं. त्या वर्षी दोनशे मीटरचा ट्रॅक जेमतेम एकशे साठ भरला आणि एका दिवसात तालुक्याचे तीन विक्रम मोडले. पण तो विषय वेगळा.

दुपारी झाडू घेऊन रेघ पुसायला बाई निघाल्या. चौकात पोचल्या आणि जागीच थबकल्या. पहाटेच्या दवानं फक्की भिजून डांबराला चिकटली होती, ऑइलपेंट मारल्यासारखी. आणि तिथं बन्सी हवालदार शिट्टी फुंकत उभा होता. समोर उसाचा ट्रॅक्टर.

"ए, रेघंच्या आत कुठं घुसतो? सायकलीची जागा हाय ती! घे तिकडं!"

ट्रॅक्टरनं अंग चोरलं. खरंच चोरलं! आणि रेघेच्या आतून शाळेच्या चार पोरी गप्पा मारत निघून गेल्या.

"बन्सीभाऊ, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे मॅडम? वरनं ऑर्डर असल्याबिगर एवढी लांब रेघ कोन मारंल? आन् काम बगा किती इचार करून केलंय! म्हशीच्या बसायच्या जागंला वळसा दिलाय. पेरूवालीपाशी गाठ मारलीय, म्हंजी तिथं थांबायची सोय!"

"आणि चौकातली दोन वेढ्यांची रेघ?"

बन्सीनं क्षणभर विचार केला. "ते टेक्निकल आसंल."

बाईंनी झाडू हळूच पाठीमागं लपवला.

संध्याकाळपर्यंत गावात बोंब झाली की पालिकेनं सायकलपट्टा काढला! निवडणूक दीड महिन्यावर होती. आप्पासाहेबांच्या कानावर गेलं तशी त्यांनी मिशीवरून हात फिरवला, "मीच म्हणालो होतो, करून टाका." सकाळी त्यांचा फलक लागला, 'आप्पासाहेबांनी करून दाखवलं.' दुपारी समोरच काकासाहेबांचा, त्यापेक्षा दोन हात मोठा, 'सायकलपट्ट्याचे खरे जनक काकासाहेब.' गंमत अशी की पट्ट्याचे जनक दोघं, पण आपल्या दारात तो दोघांनाही नको! आप्पासाहेबांच्या हॉटेलची बाकडी पट्ट्यात येत होती, काकासाहेबांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या पट्ट्यात लागत होत्या. आप्पासाहेब म्हणायचे, पट्टा कापडदुकानापासून सुरू होतो आणि हॉटेलच्या अलीकडंच संपतो. काकासाहेब म्हणायचे, चुकता, तो दुकान सोडून सुरू होतो आणि हॉटेलपाशीच संपतो.

बाई दोन दिवस गप्प राहिल्या. आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आताही बोलत नव्हत्याच, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! पोरी रेघेच्या आतून येत होत्या. बंद झालेल्या अकरांपैकी पाच परत आल्या होत्या. भामाबाई मात्र येताजाता बोलायच्या, "रेघ आपल्या उंबऱ्यापासनं निघालीय गं. लोकांला डोळं न्हाईत का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सहादू मुकादम उभा. पालिकेच्या रस्त्यांची देखरेख बघणारा, सहा महिन्यांत निवृत्त होणारा गरीब माणूस. हातात कागद.

"बाई, जरा वाचून दावता का? सायबानं दिलाय."

कागदात लिहिलं होतं, कोणताही ठराव, निविदा वा आदेश नसताना स्टँड रोडवर रेघ मारल्याबद्दल आपणास निलंबित का करू नये?

"मी चुना बगितला बी न्हाई वो बाई! पर साहेब म्हन्त्यात, रस्ता तुझा, म्हंजी रेघ तुझी. दोन्ही पुढाऱ्यांकडं गेलो. दोघं म्हन्त्यात आमीच सांगितलं. पर लिहून द्या म्हनलं तर दोघं बी उठून आत गेले."

बाईंनी कागदाची घडी घातली, सहादूच्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "दुपारी सभेला या. मी आहे."

पालिकेची सभा खच्चून भरली होती. बाई प्रेक्षकांच्या बाकावरून उठल्या, आणि आवाज मैदानावरचाच निघाला.

"अध्यक्षसाहेब, या माणसाचा काही दोष नाही. ती रेघ कुणीच मारलेली नाही. माझ्या पोत्यातून फक्की सांडली!"

सभागृहात जो काही हशा पिकला!

आप्पासाहेब उठले. "बाई, घरापासून शाळेपर्यंत फक्की सांडत गेली आणि तुम्हाला कळलं नाही?"

अठरा वर्षं! लेझमं, शिल्ड, अख्खी कॅप्टन! "नाही कळलं," त्या म्हणाल्या. सगळ्या सभेपुढं हे दोन शब्द काढताना कान तापून लाल झाले.

आता काकासाहेब उठले. "आणि सांडली ती गटारापासून बरोब्बर पाच फुटांवर?"

"मी रोज पाच फुटांवरूनच चालवते."

"ऐका! म्हणजे नियोजन होतं!" काकासाहेब शेजारी झुकले, आणि सात वर्षांत पहिल्यांदा आप्पासाहेबांच्या कानात बोलले, "आप्पा, बाई उभ्या राहतायत निवडणुकीला. सगळं श्रेय खाऊन टाकतील!"

आप्पासाहेबांचा चेहरा पडला.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. कानिफनाथ होते. शेजारी दीपा, हात गळ्यातल्या झोळीत.

"मला एवढंच इचारायचंय," ते म्हणाले. "टॅक्टर रेघंपल्याड थांबत्यात म्हनून ऐकलं. सकाळधरनं चौकात हुबा राहून बगितलं. खरंच थांबत्यात. रेघ कुनाची का आसंना! ती ऱ्हानार हाय का पुसनार हाय? तेवढं सांगा, मंग पोरीला सायकल द्यायची का न्हाई ते ठरवतो."

दीपा बाईंकडं बघत होती. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या, कारण पी.टी.च्या बाईंनी चारचौघांत डोळे पुसणं बरं दिसत नाही.

मग दोन्ही पुढारी एकाच वेळी उभे राहिले. एकाच वेळी बोलायला लागले. ठराव मांडला आप्पासाहेबांनी, अनुमोदन काकासाहेबांचं, पट्टा कायम, ऑइलपेंटमध्ये, हॉटेलपुढूनही आणि दुकानापुढूनही, कारण आपल्या दारातून तो वगळा असं म्हणायची एवढ्या लोकांपुढं कुणाची छाती होती? आणि सहादू मुकादमानं रेघ मारली ती 'दोघांच्या संयुक्त तोंडी आदेशानुसार', असं लिहून घेतलं. नोटीस रद्द झाली. सहादू दोघांच्या पाया पडला आणि बाहेर येऊन बाईंना म्हणाला, "बाई, मी मारली म्हनं रेघ! मलाच ठावं न्हवतं!"

आठ दिवसांत सहादूनं स्वतः ब्रश घेऊन पट्टा रंगवला. चौकातले वेढे काढले, म्हशीचा वळसा मात्र ठेवला, कारण म्हैस काही उठत नव्हती. हॉटेलची बाकडी आत गेली. आप्पासाहेबांनी ती स्वतः उचलली, फोटोग्राफर बोलावून. कानिफनाथांनी सायकल विकली नव्हती. पोरीचं प्लॅस्टर निघायला वेळ होता, तोवर ते स्वतःच तिला डबलसीट घेऊन पट्ट्यातून येऊ लागले, एवढे ताठ बसून की जणू लग्नाची वरात!

पहिल्या सोमवारी शाळा सुटली आणि यशोधराबाई घरी निघाल्या. ताजा पांढरा पट्टा, डाव्या अंगानं ट्रॅक्टर मुकाट चाललेले. बाईंची मान अशी ताठ की बघणाऱ्यालाच अवघडून यावं. आपण नुसती रेघ सांडली, पण गाव बदललं, असं काहीतरी थोर त्यांच्या मनात येत होतं. एवढ्यात चौकात शिट्टी वाजली.

"मॅडम! उतरा खाली!"

"बन्सीभाऊ, मी आहे."

"व्हय, दिसतंय की. पट्टा शाळंकडं जान्यासाठी हाय. तुमी उलट्या चाललाय. तुमच्यासारख्या शिकलेल्या मान्सांनीच नियम मोडल्यावर पोरींनी काय शिकायचं?"

मागून येणाऱ्या पोरी रस्त्यापलीकडून खुदुखुदू हसत निघून गेल्या. बाई निमूटपणे उतरल्या.

"अहो, पण मग घरी जायचं कसं? त्या बाजूला पट्टाच नाही!"

बन्सी हवालदारानं त्यांच्याकडं अडाणी माणसाकडं बघावं तसं मायेनं बघितलं.

"मंग अर्ज करा की, मॅडम. पालिका ऐकती. पर त्यासाठी आदी कुनीतरी हालचाल कराय लागती!"