पाय सोडवणारी रुकय्याखाला

रुकय्याखाला आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं सलाम केला नाही की नाव विचारलं नाही. दारातूनच माझी चाल पाहिली आणि म्हणाली, "डावा खांदा पडलाय गो तुझा. पाण्याचा डबा त्याच हातानं उचलतेस ना?"

मी हो म्हणायच्या आत तिनं मला चटईवर पालथं घातलं होतं.

एकोणीसशे साठनंतरची पहिली वर्षं होती ती. लग्न होऊन मी रत्नागिरीहून दुबईला नुकतीच आले होते. दुबईच्या देरा भागात खाडीजवळ आमची एक खोली आणि पुढे अंगण. आमचे हे जहाजांच्या ऑफिसात कारकून. ते दुपारी जेवायला आले, तर नव्या नवरीच्या पाठीवर एक धिप्पाड अनोळखी बाई गुडघा रोवून बसलेली! हे "सॉरी" म्हणाले आणि तडक बाहेर पडले. घर चुकलो असं वाटलं त्यांना. समोरच्या दुकानदाराला विचारून खात्री करून घेतली, तेव्हा कुठे परत आले.

"ह्यो तुझा नवरा?" खालानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मान पुढं येते याची. खुर्चीवर बसून बसून कासव झालाय."

ह्यांनी मान चाचपून पाहिली. मी मनात म्हटलं, काय हा आगाऊपणा! पण संध्याकाळी डबा उचलला, तर खांदा दुखेना.

खाला मूळची दाभोळची, राहायची आमच्याच गल्लीत. तिचा नवरा आदमखालू लाँचवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. मुंबईहून माल भरायचा, दुबईला उतरवायचा. तांडेलाच्या बायकोनं घरोघरी मालीश करत फिरावं, हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. "लोकांचे पाय दाबतेस? इज्जत खलास केलीस माझी!" तो आमच्या अंगणात ओरडायचा.

"दाबत नाय, सोडवते," खाला शांतपणे म्हणायची. "पाय अडकलेला असतो, मी तो सोडवते. आणि हाताला भूक लागते माझ्या, त्याला मी काय करू?"

ही भूक म्हणजे नुसतं बोलणं नव्हतं. तिच्यासोबत बाजारात जायची मला धास्ती वाटे. मासळीचा भाव करता करता तिची नजर लोकांच्या गुडघ्यांवर. एकदा बुरख्यातल्या एका अनोळखी बाईला तिनं मागून गाठलं आणि भर रस्त्यात कंबरेवर हात ठेवला. बाई किंचाळली. माणसं गोळा झाली. मी सुरमईच्या टोपलीआड तोंड लपवलं. खाला मात्र सगळ्यांना हिंदीत समजावत होती, "अरे, कमर टेढी है इसकी! तुम लोगों को दिखता नहीं?"

मालीश ती आईकडून शिकली होती. तिची आई दाभोळला बाळंतिणी आणि मच्छीमार बायकांची अंगं रगडायची. "अम्माचा हात म्हणजे हात," खाला सांगायची. "माझा अजून नुसता पंजा हाय."

आणि एकदा त्या पंजानं घात केला.

पलीकडच्या गल्लीत एक अरब व्यापारी राहायचा. त्याची म्हातारी आई, उम्म सालिम, पाठदुखीनं बेजार होती. खालाला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून गेली, म्हातारी नको नको म्हणत असताना तिनं पाठ धरली आणि जोर केला. दुसऱ्या दिवशी म्हातारीला अंथरुणातून उठता येईना.

ही बातमी ऐकून मी खालाकडे धावले. आदमखालू नेमका बंदरात होता. तो घाबरून म्हणाला, "सामान बांध. लाँच आज निघते. यल्ला!"

"मी नाय येणार."

"ते लोक सोडतील तुला?"

"माझ्या हातानं झालंय. माझ्याच हातानं निस्तरणार."

ती सरळ त्या घरी गेली. व्यापाऱ्यानं दारातच तिला नको ते सुनावलं. ती उंबऱ्याबाहेर बसून राहिली. शेवटी आतून म्हातारीनंच बोलावलं. मग रोज सकाळी खाला तिथं. म्हातारीला धुणं-पुसणं, कूस बदलून देणं, पेज भरवणं, सगळं तिनं केलं. इस्पितळातल्या डॉक्टरला घेऊन येण्यासाठी व्यापाऱ्याच्या मागे तीच लागली. डॉक्टरनं "पाठीला हात लावायचा नाही" असं बजावलं, तर तिनं नखसुद्धा लावलं नाही. तिथून परतली की माझ्यापाशी बसून दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरायची.

उम्म सालिम हळूहळू उठली, भिंत धरून चालू लागली. त्या दिवसापासून खाला बदलली. आधी विचारायची, मग हात लावायची. ताप असेल, सूज असेल, तर "हे माझं काम नाय, डॉक्टरकडे जा" म्हणून परत पाठवायची. मला वाटलं, आता हिच्याकडे कोण कशाला येईल?

झालं उलटंच. उम्म सालिमनंच साऱ्या बायकांत सांगितलं, "चूक झाल्यावर जी पळून जात नाही, तिच्या हाती अंग द्यावं." खाडीच्या पलीकडूनही बोलावणी येऊ लागली. माणसांना खाडीपार नेणारा अब्रेवाला नावाडी तिच्यासाठी नाव थांबवून ठेवू लागला. आदमखालूची इज्जतही परत आली. चहाच्या दुकानात तो ऐटीत "माझी बायको" म्हणून सांगायचा.

मला मुलगा झाला, तेव्हा माझं आणि बाळाचं मालीश अर्थातच खालाकडे. एका सकाळी हे बंदरावरून मधेच घरी आले. हळूच म्हणाले, "दाभोळहून लाँच आलीय. खालाची आई गेली. दफन होऊनही बरेच दिवस झाले."

आज ती येणार नाही, हे धरूनच मी चालले होते.

ती आली. रोजच्यासारखं तेल कोमट केलं, बाळाला मांडीवर घेऊन रगडलं, न्हाऊ घातलं, गुंडाळून आत ठेवलं. मग माझ्यासमोर बसली.

"पाय पसर."

"खाला, माझे पाय नाही दुखत."

"ठाव हाय मना."

मी पाय पसरले. तिनं माझी टाच मांडीवर घेतली. तिचे अंगठे इतके हलके फिरत होते की मला धक्काच बसला. हा हात मला ठाऊकच नव्हता.

"अम्मा सगळ्या गावाचे पाय चोळायची," ती म्हणाली. "तिचे पाय शेवटी कुणी चोळले असतील गो?"

तिनं वर पाहिलं नाही. बराच वेळ ती चोळत राहिली. मग हात मंदावले, मान छातीवर आली, आणि माझा पाय दोन्ही हातांत धरून ती बसल्या बसल्याच झोपली.

आत बाळ रडू लागलं. ह्यांनी त्याला उचललं आणि दारातून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग तो पार बधिर झाला. मी तो हलवला नाही.