सुट्या भागांचे नाना

कोंढाळकर नानांच्या घरात कुठलीही वस्तू अखंड सापडत नाही. चष्म्याच्या काड्या एका खिशात असतात आणि भिंगं दुसऱ्यात. वाचायची वेळ आली की टक् टक् करत ते चष्मा जुळवतात. छत्रीची मूठ दाराच्या कडीला, दांडा कोपऱ्यात आणि कापड वलणीवर. पाहुणा आला की आतून आधी खुर्चीचे पाय येतात, मग पाठ येते, आणि बैठक येईपर्यंत पाहुणा "मी उभाच बरा" म्हणू लागतो. दात वयपरत्वे आपोआपच सुटे झाले. त्या बाबतीत निसर्गाने उशिरा का होईना आपलं म्हणणं मान्य केलं, असं नाना समजतात.

"जुळावं, पण चिकटू नये," हे त्यांचं ब्रीद. शिवऱ्यात ते माझे शेजारी आहेत. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा धूर आमच्या दोघांच्या घरात सारखाच शिरतो, पण त्यात काय काय आहे ते फक्त नानांना कळतं. मी नुसता खोकतो.

नानांची सगळी नोकरी पुण्याजवळच्या एका कारखान्यात गेली. चिमणीच्या धुरात किंवा भट्टीच्या पोटात कोणता वायू किती आहे, ते सांगणारी यंत्रं तिथे बनत. ही यंत्रं कपाटाएवढी आणि एकसंध असत, हे नानांचं आयुष्यभराचं दुःख. वायू हुंगणारा जो भाग असतो, ज्याला नाना 'नाक' म्हणतात, तो फार तर दोन-तीन वर्षं जगतो.

"नाक मेलं की अख्खं कपाट टेम्पोत घालून दुरुस्तीला! अहो, माणसाला सर्दी झाली म्हणून त्याला तिरडीवर बांधतो का आपण?"

हा प्रश्न त्यांनी साहेबांना विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला आणि एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, मलाही विचारला. मी अक्षता हातात धरून "नाही" म्हणालो. माझ्या मागचे दोघे तिघे वळून बघू लागले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं यंत्र केलं. कारखान्याच्या चिमणीसाठी नाही, विहिरीसाठी. गाळ काढायला उतरलेली माणसं आतच गुदमरतात, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे घडतं. नानांचं यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे पाच चौकोनी डबे, एका पट्टीवर ओळीने सरकवून बसवायचे. हवा ओढणारा पंप म्हणजे 'फुप्फुस'. पाणी आणि धूळ अडवणारी 'गाळणी'. मग 'नाक'. आकडे दाखवणारं आणि धोका दिसला की केकाटणारं 'तोंड'. आणि शेवटी 'मेंदू'. प्रत्येक डब्याची खाच निराळी, त्यामुळे चुकीच्या जागी चुकीचा डबा बसूच शकत नाही. ही सोय मंत्रिमंडळातही नाही.

सत्कार, अमृतमहोत्सव आणि 'दोन शब्द' यांच्यावरचा माझा विश्वास फार पूर्वीच उडालेला आहे, त्यामुळे मी सहसा थक्क होत नाही. पण नानांनी माझ्यासमोर चालू यंत्रातून जुनं नाक उपसलं आणि नवं सरकवलं. यंत्र क्षणभर घुटमळलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढे मोजू लागलं. माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला.

पहिलं यंत्र त्यांनी एका गावाला भेट दिलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे फीत कापली गेली, नारळ फुटला, आणि वायू या विषयावर पाच वक्त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. मग यंत्र हारासकट काचेच्या कपाटात गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं. पुढच्या उन्हाळ्यात गावाने विहीर उपसली तेव्हा किल्ली कुणाकडे आहे यावर वाद झाला आणि यंत्राविनाच माणूस उतरवला गेला. तो वाचला, ते त्याचं नशीब. नाना "दुरुस्तीला नेतो" म्हणून गेले आणि यंत्र परत घेऊन आले.

दुसऱ्या खेपेला ते शहाणे झाले होते. वेल्ह्याच्या पलीकडे, पासलीच्या वरच्या अंगाला शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची एक वाडी आहे. तिथे त्यांनी यंत्राचे डबेच वेगवेगळ्या घरांत वाटले.

"एका घरात ठेवलं की त्याला कुलूप लागतं," ते मला म्हणाले. "वाटून दिलं की कुणा एकाची मालकी नाही. विहिरीवर सगळ्यांना यावंच लागतं."

"आणि मेंदू?"

"मेंदू माझ्याकडे. ती काय लोकांना वाटायची वस्तू आहे?"

यंदा ऐन उन्हाळ्यात त्या वाडीतून पारूआक्कांचा फोन आला. "नाना, हीर उपसायचीय. मेंदू घिऊन या." आक्कांचा आवाज फोनशिवायही शिवऱ्यापर्यंत पोचला असता. माझ्या स्कूटरवर मागे बसून नाना निघाले. मेंदू त्यांनी देवाच्या टाकासारखा फडक्यात गुंडाळून पोटाशी धरला होता. वेल्ह्याच्या स्टँडवर चहाला थांबू म्हटलं, तर "तिकडे लोक खोळंबलेत!" म्हणून माझ्यावरच डाफरले. त्या आवाजात राग कमी आणि ऐट जास्त होती.

वाडीला विहीर एकच. वरून वाहून आलेला पाला आणि शेण तळाशी कुजून झरा बुजला होता, पाणी तांब्याने भरायची वेळ आली होती आणि टँकर तेवढा चढ चढत नाही. गाळात उतरणार होता तो आक्कांचा मुलगा शंकर. कमरेला दोर बांधून तो काठावर बसला होता.

"आलं का मेंदूवालं! नाना, सकाळधरनं दावणीला बांधल्यावानी बसलुया. बैल बी कटाळला असता."

"बैलाला अक्कल असते. बस अजून."

"आवो, कंदील सोडलाय आत, जळतुया की त्यो! लिंबाचा डहाळा बी फिरवला. पयला लई कुजका वास येत व्हता, त्यो बी गेला आता."

नाना थांबले. "गेला? तू वाकून बघत होतास?"

"मग? हितंच तर बसलुया."

"वास गेला नाही, शंकर. तुझं नाक गेलं."

कुजणाऱ्या गाळातून एक वायू सुटतो, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. थोडा असतो तोवर नाक ओरडतं. फार झाला की नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं, हवा सुधारली. कंदील तरी काय सांगणार? त्याला जळण्यापुरता प्राणवायू मिळाला की झालं, विषाची त्याला खबर नसते. पण विहिरीत कंदील सोडायचा, तो विझला नाही की उतरायचं, ही तिथली पिढ्यांची रीत होती.

घराघरांतून डबे आले. फुप्फुस तांदळाच्या कणगीतून निघालं, नाक आढ्याच्या शिंक्यातून. गाळणी एका म्हातारीने ओच्यातून काढली. तोंड कुणाच्या तरी देव्हाऱ्यातून आलं होतं, त्याला हळदकुंकू लागलेलं होतं. शेवटी नानांनी फडकं सोडून मेंदू बसवला, मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि नळी आत सोडली.

आकडा चढू लागला. खाली कंदील संथ जळत होता. एकाएकी यंत्र असं केकाटलं की शेळ्या उधळल्या. आक्का पुढे आल्या आणि शंकरच्या कमरेची गाठ सोडू लागल्या. गाठ सुटता सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी ओढली.

मग उफणणीचा पंखा आणला, गोणपाटाचं लांबलचक नळकांडं शिवून त्याला जोडलं आणि आत वारा सोडला. दुपार कलली तेव्हा आकडा शून्यावर आला. नानांनी त्यावरही बराच वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि शिव्या खाल्ल्या. गाळ ढवळला की वायू पुन्हा सुटतो, म्हणून शंकर उतरला तो नळीचं टोक खांद्याशी बांधून. टोपल्यामागून टोपली वर येत होती, नाना आकड्यावरून डोळे काढत नव्हते, आणि मी पाच डब्यांच्या त्या ओळीकडे देवळात बघावं तसा बघत होतो. संध्याकाळी शंकर चिखलाने माखून वर आला. "झरा फुटला," एवढंच म्हणाला आणि आडवा झाला.

नाना हातपाय धुवायला गेले. यंत्र अजून चालूच होतं. इतका वेळ धाक घालणारा तो मेंदू एकदा हातात घ्यावा, म्हणून मी तो अलगद सरकवून काढला.

यंत्राला त्याचं काहीच वाटलं नाही. पंप घरघरत होता, आकडा होता तसाच होता. अध्यक्ष उठून गेल्यावर सभा अधिक चांगली चालते हे मला ठाऊक होतं, पण हे काही वेगळंच होतं. मी डब्याचं झाकण उघडलं. आत ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा होता. वाजू नये म्हणून चिंधीत बांधलेला.

"ठिवा त्यो परत, दादा." मागे पारूआक्का उभ्या होत्या. "त्येंनी बघितलं तर वंगाळ वाटंल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागल्या साली म्हस पडली हिरीत, आन् मोबाईलला रेंज न्हाई. बिनमेंदूचंच लावलं. झ्याक चाललं."

"मग आज सकाळपासून सगळे कशाला थांबलात?"

"घाई असती तर नसतो थांबलो. कुनाच्या जिवाशी ख्योळ न्हाई करत आमी." त्यांनी पदराने डब्यावरचा चिखल पुसला. "वैनी गेल्यापासनं यकलंच हाईत वो. जेवाय या म्हनलं तर येत न्हाईत. 'काम काय?' म्हनत्यात. काम सांगितलं की मातुर पळत येत्यात."

मी मेंदू जागेवर सरकवला. नाना धोतराला हात पुसत आले, तो तपासून पाहिला आणि फडक्यात बांधू लागले.

"नाना, म्होरल्या मंगळवारी बी या," आक्का म्हणाल्या. "दुसरी हीर उपसायचीय. भाकरी हितंच खायाची. आन् मेंदू इसरू नगा."

"तुम्हा लोकांचं माझ्यावाचून एक पान हलत नाही!" नाना करवादले. फडक्याची गाठ त्यांनी पुन्हा पुन्हा आवळली. "येतो. मंगळवारी सकाळीच येतो."

साध्या धुरावरही शंभर शंका काढणारा हा माणूस. पण दुसरी विहीर कुठली, हे काही त्यांनी विचारलं नाही.